मुलाकडे जाताय ना? मग मुक्कामाची तारीख आपल्या हातात ठेवा



कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की आमच्या दापोड्यात दोन प्रकारच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. एक यात्रेच्या, शिखरजी नाहीतर पालिताण्याच्या. दुसऱ्या मोठ्या, न्यू जर्सी, टोरंटो, लंडन, मेलबर्नच्या. खाखरे, सुंठ-पिंपरामूळ, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, कटासणं आणि चरवळा, सगळं पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवून वजन बघायचं. या दुसऱ्या बॅगांबद्दल आज लिहायचं आहे. खरं तर बॅगांबरोबर जाणाऱ्या एका तारखेबद्दल.

आपल्यातल्या किती जणींना ठाऊक असतं की त्या देशात आपल्याला नेमकं कोणत्या तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे? "मुलाला माहीत आहे," "जावईबापू बघतात," "व्हिसा दहा वर्षांचा आहे, काळजी नाही," अशी उत्तरं मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकली आहेत की आता मत स्पष्टच मांडते. मुक्कामाची तारीख जी राहायला जाते तिनेच लक्षात ठेवली पाहिजे. मुदत वाढवून घ्यायची की नाही, हेही तिनेच ठरवलं पाहिजे. आणि मुदत संपल्यावर एक दिवसही तिथे राहू नये, मग घरात लग्न असो की बारसं.

वेळ पाळणं आपल्याला कोणी शिकवायला नको. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आपण पाण्याचा पेला तोंडाला लावत नाही. चौविहाराला सूर्यास्ताची वेळ बघतो. "पाच मिनिटांनी काय बिघडतंय" असं आपल्या घरात लहान मुलगीसुद्धा म्हणत नाही. ज्या बायका आयुष्यभर पच्चक्खाण मिनिटाने पाळत आल्या, त्यांनी परदेशातल्या मुक्कामाची तारीख दुसऱ्यावर सोडावी, हे मला पटत नाही.

दापोड्यात तर हे आणखी खटकतं. आपल्या गावाभोवती जिकडे बघावं तिकडे गोदामं. घरातले पुरुष ट्रकच्या ई-वे बिलाची मुदत डोळ्यांत तेल घालून बघतात. २०० किलोमीटरला एक दिवस, गाडी मानकोलीच्या कोंडीत अडकली तरी मुदत थांबत नाही, हे आपल्यालाही ऐकून ऐकून पाठ झालंय. खोक्यातल्या मालाच्या मुदतीची एवढी काळजी, आणि आईच्या मुदतीबद्दल "बघू नंतर"?

दोन तारखा असतात

सगळा घोळ इथून सुरू होतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आपल्या लोकांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो. पासपोर्टात चिकटवलेल्या त्या व्हिसावर जी शेवटची तारीख असते, ती त्यांच्या दारापर्यंत जाण्याची मुदत. तोवर कितीही वेळा विमानात बसता येतं. आत किती दिवस राहायचं, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याची नोंद आय-९४ नावाच्या कागदावर होते. साधारणपणे सहा महिने देतात. पूर्वी हा कागद पासपोर्टात टाचून मिळायचा. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तो संगणकावरच असतो. म्हणजे कोणी हातात देत नाही, आपण उतरून घ्यावा लागतो. आणि जे हातात मिळत नाही, ते आपण बघत नाही.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. त्या नणंदेकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या. व्हिसाला अजून बरीच वर्षं बाकी होती, परतीचं तिकीट वैशाखातलं. नणंद निवांत, जावई निवांत. सासूबाईंची मात्र जुनी सवय, घरातल्या प्रत्येक गोष्टीची तारीख त्या तिथीच्या कॅलेंडरवर लिहितात. गॅसचा सिलिंडर लावला, दूधवाल्याने खाडा केला, आयंबिलची ओळी कधी बसते, सगळं. तिथे पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी लेकीला म्हटलं, "माझा राहायचा कागद छापून दे, तारीख लिहून ठेवते." कागद छापला तर तारीख वैशाखातली नव्हतीच. फाल्गुनातली होती. सासूबाईंचा पासपोर्टच त्या दिवशी संपत होता. अधिकाऱ्याने सहा महिन्यांऐवजी पासपोर्ट संपेपर्यंतचीच मुदत दिली होती. असं ते करू शकतात, आणि करतात.

नणंद म्हणाली, इथूनच पासपोर्ट नवा करू, मुदतवाढीचा अर्ज टाकू. चैत्रात नातीचा वाढदिवस होता. सासूबाई म्हणाल्या, "मला बोलावलंय तेवढे दिवस मी राहिले. आता घरी जाऊन पासपोर्ट नवा करते आणि पुन्हा येते. नात कुठे पळून जात नाही." तिकीट बदललं, होळीच्या आधी त्या परत आल्या. ठाण्याच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन नवा पासपोर्ट काढला. जुन्या पासपोर्टातला व्हिसा तसाच चालू राहतो, तेव्हा दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या. विमानतळावर त्यांना काही अडचण आली नाही.

त्यांनी तो कागद मागितला नसता तर? वैशाखापर्यंत त्या दीड-दोन महिने बेकायदा राहिल्या असत्या, आणि कोणालाच पत्ता लागला नसता. पत्ता लागला असता तो पुढच्या वेळी.

अमेरिकेच्या कायद्यात मुदतीपलीकडे राहिलं की ज्या व्हिसावर गेलो तो व्हिसाच रद्द ठरतो. त्याची दहा वर्षं कागदावरच राहतात. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षं पुन्हा प्रवेश नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. सत्तरीतल्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी लिहून दाखवायला नको.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं

"माझ्या जावेने तर कॅनडात दोन वर्षं काढली," असं कोणी सांगितलं की आपल्याला वाटतं अमेरिकेतही चालत असेल. तसं नाही.

कॅनडाने आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी २०११ मध्ये सुपर व्हिसा सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरावीक रकमेहून जास्त हवं, आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. साध्या पर्यटक व्हिसावर तिथेही सहाच महिने.

इंग्लंडमध्ये व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा काढता येतो, पण एका वेळचा मुक्काम सहा महिन्यांचाच. आईवडिलांना कायमचं नेण्याचा रस्ता तिथे जुलै २०१२ पासून फार अरुंद झाला आहे. आंघोळ, जेवण अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत भारतात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. "आई एकटी आहे" एवढं पुरत नाही.

ऑस्ट्रेलियात पर्यटक व्हिसावर कधी कधी ८५०३ क्रमांकाची अट घातलेली असते. तिचा अर्थ, इथे आल्यावर पुढच्या मुक्कामासाठी अर्ज करायचा नाही. ती अट असेल तर मुलाने तिथे कितीही धावपळ केली तरी बहुधा उपयोग होत नाही. आईवडिलांना जास्त काळ राहता यावं म्हणून तिथे २०१९ पासून तीन आणि पाच वर्षांचा वेगळा व्हिसा आहे, पण तो घ्यायला मुलाला आधी प्रायोजक म्हणून मान्यता मिळवावी लागते.

हे सगळं पाठ करायचं नाही. आपण जिथे जाणार तिथला एक नियम नीट समजून घ्यायचा, बस.

पत्ता कळवण्यात अपमान कसला?

अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसाने घर बदललं तर दहा दिवसांत नवा पत्ता सरकारला कळवायचा असतो. त्याचा एआर-११ नावाचा अर्ज आहे, संगणकावर भरता येतो. आपल्या बायका दोन महिने मुलाकडे टेक्सासला आणि तीन महिने मुलीकडे न्यू जर्सीला असा मुक्काम वाटून घेतात, तेव्हा हा नियम लागू होतो. शिवाय ११ एप्रिल २०२५ पासून तिथे परदेशी लोकांच्या नोंदणीचा जुना कायदा पुन्हा कडक केला आहे. तीस दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांची नोंदणी हवी. आपल्यासारख्यांकडे आय-९४ असतो, तोच नोंदणी म्हणून धरला जातो. पण अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने त्याचा पुरावा सतत जवळ बाळगायचा आहे. म्हणजे देरासरात जाताना, बागेत फिरताना, पर्समध्ये त्या कागदाची प्रत हवी.

यावर आमच्या सामायिक मंडळात एकदा चांगलाच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "पोटच्या पोराच्या घरी राहायचं आणि पोलिसांना सांगत फिरायचं, आम्ही काय चोर आहोत?" त्यांचा राग मला कळतो. आयुष्यभर ज्याचं सगळं केलं त्याच्या घरात आपण परवानगीने राहतो, हे मनाला लागतंच.

पण आपल्याकडेही हेच चालतं. आपल्या तीर्थावरच्या धर्मशाळेत परदेशी नागरिक उतरला तर २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. परदेशी पासपोर्टवर कोणी १८० दिवसांपेक्षा जास्त राहायला आला तर १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ओसीआय कार्ड असलेल्यांना या नोंदणीतून सूट आहे, म्हणून आपल्या अमेरिकन नातवंडांच्या बाबतीत ते सहसा जाणवत नाही. आपण तो नियम अपमान म्हणून केलेला नाही, त्यांनीही नाही. घरात पाहुणा आला की आपण विचारतोच ना, कधी आलात, किती दिवस आहात?

आणि आपल्या समाजाला कागदाची किंमत नव्याने शिकायची नाही. भिवंडीत हालारी विसा ओसवाल घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. (आम्हाला जन्मजात विसा असतो, अशी आमच्यातल्या एका आजींची जुनी थट्टा आहे.) जामनगरच्या आसपासच्या गावांतून काही घरं भिवंडीकडे आली, काही बोटीत बसून मोंबासा-नैरोबीला गेली. १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा तिथल्या भारतीयांना दोन वर्षांत नागरिकत्व निवडायचं होतं. बऱ्याच जणांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. मग १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटनने कायदा करून त्याच पासपोर्टवाल्यांचा प्रवेश रोखला आणि दरवर्षी ठरावीक परवाने द्यायला सुरुवात केली. पासपोर्ट हातात, पण ज्या देशाचा तो पासपोर्ट त्या देशाचं दार बंद. ज्यांच्या घरात त्या वेळच्या आठवणी आहेत, त्यांना मी तारखेचं महत्त्व काय सांगणार?

मुदतवाढ: मिळते म्हणून घ्यायची का?

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत सहा महिने संपायच्या आत आय-५३९ हा अर्ज भरून मुदतवाढ मागता येते. निदान ४५ दिवस आधी भरावा असं तिथलं खातंच सांगतं. एप्रिल २०२४ पासून त्याची फी संगणकावर भरला तर ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात. वेळेत अर्ज केला असेल तर निकाल येईपर्यंत राहणं बेकायदा धरत नाहीत. पण निकालाला महिने लागू शकतात, आणि नकार आला तर लगेच निघावं लागतं.

म्हणजे रस्ता कायदेशीर आहे. आजारपण आलं, पाय मोडला, सुनेचं बाळंतपण अडलं, तिकडे कोणाचं ऑपरेशन ठरलं, तर जरूर अर्ज करावा. त्याचसाठी तो आहे. २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा कितीतरी आईवडील तिथे अडकले, त्यांना याच अर्जाचा आधार होता.

माझा आक्षेप आहे तो सोय म्हणून घेतलेल्या मुदतवाढीला. आपण मोकळं बोलू या. तिकडे पाळणाघर फार महाग. बाळ झालं की आधी मुलीची आई जाते, तिचे सहा महिने संपत आले की मुलाची आई येते. विहीणबाई-विहीणबाईंची ही पाळी आपल्या घराघरात चालते, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. नातवाला मांडीवर घेऊन नवकार शिकवणं हे आजीचं सुखच आहे. पण एकीला येता येत नाही म्हणून दुसरीची मुदत वाढवायची, आणि तिला विचारायचंसुद्धा नाही? "आई, अर्ज टाकलाय बरं का, आणखी सहा महिने," हे तिला जेवणाच्या टेबलावर कळतं. इकडे तिचे पती एकटे, गुडघ्याची औषधं संपत आलेली, वर्षीतप अर्ध्यावर, उपाश्रयात महाराजसाहेबांचा प्रवेश चुकणार. ती काही बोलत नाही. आपल्या पिढीच्या बायका बोलत नाहीत. आणि सही मात्र तिचीच लागते.

म्हणून सांगते, सही करण्याआधी अर्ज वाचून घ्या. त्यात काय कारण लिहिलंय ते मराठीत, गुजरातीत, जी भाषा कळते तिच्यात समजावून घ्या. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. आजीने नातवाला सांभाळणं आणि आजीला बाळ सांभाळायला आणून ठेवणं यातला फरक आपल्याला घरात जाणवतोच, आणि अर्ज वाचणारा अधिकारीही त्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. शिवाय दर वेळी मुदत वाढवून वर्षभर राहिलेल्या बाईला पुढच्या खेपेला विमानतळावर विचारतात, "तुम्ही पाहुण्या आहात की इथेच राहता?" त्या खिडकीसमोर मुलगा उभा नसतो. उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.

विम्याचंही बघा. पाहुण्यांसाठीचे बहुतेक विमे जुन्या दुखण्यांचा खर्च देत नाहीत, किंवा फार थोडा देतात. साखर आणि रक्तदाब असलेल्या बाईने जितके दिवस जास्त राहायचं तितकी जोखीम मोठी. तिकडच्या हॉस्पिटलचं एक बिल मुलाची वर्षानुवर्षांची बचत खाऊ शकतं.

तिसऱ्या व्रताची गोष्ट

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत तिसरं अदत्तादान विरमण. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. त्याचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. चोरीचा माल घेणं, चोराला मदत करणं, खोटी वजनं-मापं, भेसळ, हे चार आपल्याला दुकानदारीतून चटकन कळतात. पाचवा आहे विरुद्धराज्यातिक्रम. राज्याने घातलेली मर्यादा ओलांडणं. पूर्वी तो विरोधी राज्याच्या सीमेबद्दल आणि व्यापाराच्या मनाईबद्दल सांगितला जायचा. मला वाटतं, परदेशातल्या मुक्कामाच्या तारखेलाही तो तितकाच लागतो. आपल्याला सहा महिने दिले. सातवा महिना दिलेला नाही. न दिलेला महिना घेतला तर तो अदत्त झाला की नाही?

ज्यांनी दिग्परिमाण व्रत घेतलं आहे, त्यांनी तर तिकीट काढण्याआधीच आपल्या गुरूंना विचारावं, की आपण कोणत्या दिशेला किती मर्यादा ठेवली होती. आपली साधना मर्यादेवर उभी आहे. साधू-साध्वीजी चातुर्मास सोडला तर एका गावात फार दिवस राहत नाहीत. भक्त कितीही आग्रह करोत, विहाराचा दिवस आला की पहाटे पात्रं बांधून निघतात. जड त्यांनाही जात असेल. आपण त्यांना वेशीपर्यंत पोचवायला जातो, डोळे पुसतो आणि म्हणतो, केवढं हे वैराग्य. मग मुलाच्या घरून वेळेवर निघणं आपल्याला का जमू नये?

वकिलातीतल्या मुलाखतीलाही हेच व्रत आणि दुसरं सत्याचं. "फक्त फिरायला जातोय म्हणा, बाळंतपणाचं बोलू नका," असा सल्ला देणारे एजंट आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला तो सल्ला चुकीचा वाटतो. मुलीचं बाळंतपण आहे, तिच्याजवळ पाच महिने राहणार, इकडे माझं घर आहे, माणसं आहेत, अमुक महिन्यात परत येणार. हे खरं आहे आणि सांगण्यासारखं आहे.

"पण एकट्या बाईने परत येऊन करायचं काय?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला झटकून टाकायचं नाही. पती गेले, मुलं दोन्ही तिकडे, दापोड्याच्या फ्लॅटला कुलूप. अशा बहिणीला "तारीख पाळा" म्हणणं सोपं, तिचं आयुष्य अवघड.

तिला मी एवढंच म्हणेन, की कायमचं राहायचं असेल तर कायमचा रस्ता धरा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि २१ वर्षांवरची असेल, तर आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, आणि आईवडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते. पण त्याचीही मर्यादा समजून घ्या. ग्रीन कार्ड म्हणजे "मी आता इथे राहते" असं दिलेलं वचन. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर प्रश्न विचारतात. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधीच परतीच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यालाही नव्या ग्रीन कार्डवाल्यांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. म्हणजे कार्ड कपाटात आणि आपण आठ महिने भिवंडीत, असं चालत नाही. वचन द्यायचं तर पाळायचं, नाहीतर पाहुणी म्हणूनच जायचं.

मधला रस्ता कुठलाच नाही असंही नाही. कॅनडावाल्यांना सुपर व्हिसा आहे, ऑस्ट्रेलियावाल्यांना त्यांचा आहे. अमेरिकावाल्यांनी दरवर्षी पाच महिने जाऊन सात महिने इथे राहावं. या सात महिन्यांत एकटीने कसं राहायचं, याचा विचार मुलांनी करायला हवा, आणि आपण मंडळातल्या बायकांनीही. शेजारच्या वृद्ध बहिणीच्या दाराची बेल रोज एकदा वाजवणं हेही वैयावच्चच आहे.

निघण्याआधी

मला विचाराल तर कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावं आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास परत यावं. चातुर्मास आपल्या संघात होतो. ज्यांच्या घरी पेन्शन येते त्यांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला देऊन निघता येतं. तिकडची थंडी गुडघ्यांना जाचते हे खरं, ज्यांना सोसत नाही त्यांनी उन्हाळ्यात जावं. मग जूनमध्ये सूर्य रात्री साडेआठ-नऊला मावळतो आणि चौविहाराला भरपूर वेळ मिळतो, हा एक फायदा. पण सहा महिने मिळतात म्हणून सहाही महिने राहायचं असं नाही. पाच राहावं, एक हातात ठेवावा. आजारपण, बर्फ, रद्द झालेलं विमान, सगळं त्यात बसतं.

पासपोर्ट संपायला वर्षाहून कमी उरलं असेल तर तो आधी नवा करा. तिथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुक्कामाचा कागद छापून घ्या, नाव आणि तारीख स्वतः वाचा, आणि कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्याच्या दोन महिने आधीच्या तारखेलाही खूण करा, म्हणजे खरंच अडचण आली तर अर्जाला वेळ राहील. एक प्रत पर्समध्ये, एक इकडे घरी. आपला पासपोर्ट आपल्या बॅगेत. इकडचं मोबाइलचं सिम रिचार्ज करून ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि सगळे व्यवहार अडतात. फी आणि नियम बदलत असतात, म्हणून जाण्याच्या महिन्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर मुलीला किंवा नातीला पुन्हा एकदा बघायला सांगा. मंडळातल्या गप्पांवर जाऊ नका. माझ्या या लेखावरही नुसतं अवलंबून राहू नका, स्वतः बघा.

आणि घरातल्या तरुण सुनांनो, लेकींनो, हे तुमच्यासाठी. आईला बोलावताना किती दिवसांसाठी बोलावताय ते आधी सांगा. मुदत वाढवायची वेळ आली तर अर्ज भरण्याआधी तिला विचारा, आणि ती "नको" म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका. आपल्यावर प्रेम आहे म्हणूनच ती दोनदा नकार देऊ शकत नाही.

जय जिनेंद्र.